फंक्शनल, डिव्हिजनल की मॅट्रिक्स? मधल्या आकाराच्या कंपनीसाठी थोडं अनुभवाचं

तिन्ही रचना थोडक्यात अशा: फंक्शनल म्हणजे खरेदी, विक्री, सर्व्हिस अशी कामाप्रमाणे खाती; डिव्हिजनल म्हणजे माल किंवा गिऱ्हाइकाप्रमाणे स्वतंत्र विभाग; मॅट्रिक्स म्हणजे दोन्ही एकत्र, एका माणसाला दोन वरिष्ठ. पन्नास ते दीडशे माणसं, दोन-तीन तऱ्हेचं गिऱ्हाईक आणि मालक अजून रोज कचेरीत येणारा, अशी कंपनी असेल तर पुढचं वाचा. त्याहून लहान असाल तर तूर्त तक्त्याच्या नादी लागू नका.

आमचं काम थंडाव्याचं. हॉटेलांचे एसी आणि चिलर (पाणी गार करून सगळी इमारत थंड ठेवणारी मोठी यंत्रं), वेर्ण्याच्या औषध कारखान्यांतली हवेची यंत्रणा, शिवाय जेटींजवळचे बर्फाचे कारखाने आणि मासळीच्या कोल्ड रूम. कचेरी गोव्यात, फोंड्याला. तिन्ही रचना आम्ही आळीपाळीने वापरल्या आहेत. मोजमापं माझ्याकडे मागू नका, जे दिसलं ते सांगतो.

डिव्हिजनलची बाजू जोरदार आहे, म्हणून ती आधी. अमेरिकेतली ड्यूपॉन्ट मुळात स्फोटकांची कंपनी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ती रंग-रसायनांत शिरली, पण खरेदी, उत्पादन, विक्री ही खाती जुनीच राहिली. स्फोटकं टनांनी आणि मोजक्या गिऱ्हाइकांना जात. रंग डब्याडब्याने दुकानांतून विकावा लागे. एकाच विक्री खात्याला दोन्ही जमेनात, रंगात तोटा होत राहिला, आणि १९२१ मध्ये कंपनीने मालाप्रमाणे वेगळे विभाग पाडले. जनरल मोटर्स या मोटार कंपनीत आल्फ्रेड स्लोन या अधिकाऱ्याने त्याच सुमारास हीच दिशा धरली.

हा तर्क आम्हालाही लागू पडत होता. बर्फाच्या कारखान्यात थंडाव्यासाठी अमोनिया वायू असतो; तिथला मुरलेला माणूस हॉटेलच्या चिलरच्या पॅनेलसमोर उभा केला तर गोंधळतो. औषध कारखान्यात दुरुस्तीपेक्षा कागद जास्त, प्रत्येक फिल्टर बदलल्याची नोंद हवी. म्हणून हॉटेल, कारखाने आणि जेटी असे तीन विभाग पाडले. तिघांना स्वतंत्र प्रमुख, स्वतंत्र मेकॅनिक, स्वतंत्र गाड्या. नफा-तोटाही वेगळा आणि बोनस त्या नफ्यावर. पहिला हिवाळा छान गेला. गिऱ्हाइकाला कोणाला फोन करायचा ते कळत होतं, प्रमुख मालकासारखे वागत होते.

मग जून आला.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ट्रॉलर मालीम आणि कुटबणच्या जेटींना बांधलेले, खलाशी आपापल्या गावी, बर्फाला गिऱ्हाईक नाही. कारखान्यांची मोठी दुरुस्ती याच काळात निघते हे खरं, पण जुलै अर्धा सरल्याशिवाय मालक पैशांची पिशवी सोडत नाही. म्हणजे जेटी विभागाला जून जवळजवळ रिकामा. नेमक्या त्याच दिवसांत किनाऱ्यावरची हॉटेलं मजलेच्या मजले बंद करून एसी उघडायला बोलावतात, कारण ऑक्टोबरात पाहुणे यायच्या आत सगळं आटोपायचं असतं. जेटीचे मेकॅनिक वर्कशॉपमध्ये पत्ते कुटत बसलेले आणि हॉटेल विभाग बाहेरून रोजंदारीवर माणसं आणतोय, असं चित्र.

मी हॉटेल विभागाच्या प्रमुखांना विचारलं, आपलीच माणसं का घेत नाही? उत्तर आलं, "साहेब, त्यांचा दर आपल्याला परवडत नाही."

तेही खरंच होतं. जेटीचा प्रमुख माणूस उसना देताना पगार, पीएफ, गाडीचं डिझेल आणि वर थोडी भर असा दर लावायचा. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं तरी काय चुकत होतं? बोनस त्याच्या विभागाच्या नफ्यावर ठरत होता. शिवाय त्याला भीती की आपण शिकवलेला मुलगा एकदा हॉटेलच्या स्टाफ कॅन्टीनमध्ये जेवला की परत अमोनियाच्या वासात यायचा नाही. डिसेंबरात पारडं फिरायचं. नाताळ ते नववर्ष हॉटेलं भरलेली, एक कॉम्प्रेसर बसला की मॅनेजर दर दहा मिनिटांनी फोन करणार. आणि तेव्हा जेटीच्या प्रमुखाला जून आठवायचा. अकाउंट्सचा मुलगा महिनाअखेरीला एका विभागाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात पैसे घालणारी व्हाउचरं करत बसायचा, त्यावर दोन्ही प्रमुखांच्या सह्या व्हायला आणखी दिवस. कंपनीच्या तिजोरीत यातून एक रुपया वाढत नव्हता.

ही उसनवारी मला सहन झाली नाही. बाकी दोषांवर तोडगे निघतात. याच्यावर निघत नाही असं मी म्हणणार नाही, पण आम्हाला सापडला नाही. गोव्यात धंदे ऋतूंप्रमाणे चढतात-उतरतात, त्यामुळे इथे हा दोष जास्त टोचतो असं माझं मत. वर्षभर सारखं काम असलेल्या कारखान्याला कदाचित तो जाणवणारही नाही.

उत्तर आणि दक्षिण असे प्रदेशवार विभाग पाडण्याचा विचार तुमच्या मनात असेल तर एवढंच सांगतो: त्यामागचं मोठं कारण होतं जुवारी नदीवरच्या जुन्या पुलाजवळची, आगशी-कुठ्ठाळीची वाहतूक कोंडी. म्हापशाहून निघालेला मेकॅनिक मडगावला कधी पोचेल याचा नेम नसायचा. नव्या जुवारी पुलाची एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये खुली झाली, तेव्हापासून त्या वाटणीत फारसा दम उरलेला नाही.

मॅट्रिक्सही करून पाहिला. मेकॅनिक सर्व्हिस प्रमुखाचा, पण काम सांगणार त्या-त्या विभागाचा प्रमुख. कागदावर फार देखणं दिसतं. प्रत्यक्षात मुलाच्या खिशात एकाच वेळी दोन साहेबांचे फोन वाजतात आणि जो मोठ्याने बोलतो त्याचं काम आधी होतं. हुशार मुलं याचा फायदाही घेतात: या साहेबांना सांगायचं त्या साहेबांकडे आहे, त्यांना सांगायचं यांच्याकडे, आणि दुपार घरी. एका माणसाला एकच वरिष्ठ असावा, असं व्यवस्थापनावर लिहिणारा फ्रेंच हेन्री फेयॉल शंभरेक वर्षांपूर्वी सांगून गेला, ते उगीच नव्हे. १९८८ मध्ये विलीनीकरणातून झालेली एबीबी ही विजेच्या यंत्रांची युरोपीय कंपनी देश आणि धंदा अशा दुहेरी मॅट्रिक्ससाठी जगभर नावाजली गेली. नव्वदचं दशक संपता संपता तिनेही तो मोडला. मोठ्या प्रकल्पांच्या कंपन्यांना मॅट्रिक्सवाचून गत्यंतर नसेल. आमच्या आकाराला तो सोसत नाही.

राहिलं फंक्शनल. सध्या आम्ही तिथे आहोत आणि लवकर हलू असं वाटत नाही. सगळे मेकॅनिक एका सर्व्हिस प्रमुखाच्या हाताखाली, स्टोअर एक, खरेदी एक. सकाळी आठला फळ्यावर नावं पडतात. जूनमध्ये जेटीचा मुलगा हॉटेलात पाइपिंग, ब्रेझिंग (नळ्यांची जोडणी), पंप, सफाई ही कामं करतो. चिलरच्या पॅनेलला हात लावायला अजूनही त्यातला माणूसच जातो. दर कुणाला परवडतो हा प्रश्न निघतच नाही, कारण दरच नाही.

दोष आहेतच. सेल्सवाला गिऱ्हाइकाला उद्याचा वायदा करून येतो आणि सर्व्हिसला ते परवा कळतं. सर्व्हिस प्रमुख नको तितका मोठा होतो. तो रजेवर गेला की सगळी कंपनी रजेवर. खात्यांची भांडणं मालकाच्या टेबलावर येतात, तेवढा वेळ तुमच्याकडे हवा. ॲपलसारख्या अवाढव्य कंपनीतही स्टीव्ह जॉब्स १९९७ मध्ये परतल्यावर वेगवेगळ्या विभागांचे प्रमुख काढून सगळं एका नफा-तोट्याखाली आणलं गेलं आणि कंपनी खात्यांवर चालू लागली, हे खरं. पण तिथे जॉब्स होता. आपल्याकडे आपणच असतो, तेव्हा हे उदाहरण बेताने घ्यावं.

गिऱ्हाइकाची ओरड मात्र आम्ही एका छोट्या उपायाने बरीच कमी केली. प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकामागे कचेरीतलं एक ठरलेलं नाव. त्याच्या हाताखाली माणसं नाहीत, पण सकाळी फळ्यासमोर उभं राहून "माझ्या हॉटेलला आज कोण?" असं विचारायचा हक्क आहे. हा मागच्या दाराने आणलेला मॅट्रिक्सच, असं कुणी म्हणेल. असेलही थोडासा. फरक इतकाच की मेकॅनिकची रजा, पगारवाढ आणि बोलणी, तिन्ही एकाच हातात राहतात.

कुठल्या धंद्यात पैसे मिळतात हे कळावं म्हणून डिव्हिजनल हवं, असं सी.ए. मंडळी सांगतात. तेवढ्यासाठी विभाग पाडायची गरज नाही. जॉब कार्डावर एक अक्षर, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक कॉस्ट सेंटर (खर्च-उत्पन्न वेगळं दाखवणारा कप्पा), की महिन्याला चित्र समोर. आम्हाला त्यातून कळलं ते फार सुखाचं नव्हतं, पण कळलं.

तरीही डिव्हिजनल कोणी घ्यावं? ज्यांची माणसं एकमेकांच्या कामाला अजिबात लागत नाहीत त्यांनी. एका हाताला काजूचा कारखाना आणि दुसऱ्या हाताला बार्जची दुरुस्ती असेल तर एक सर्व्हिस प्रमुख काय करणार? दोन भावांना दोन केबिनी हव्यात म्हणून पाडलेले विभागही मी पाहिले आहेत, आणि ते कारण वाटतं तितकं वाईट नाही, घर टिकतं. फक्त त्याला रचना म्हणू नये, वाटणी म्हणावं.

डिव्हिजनलमधून फंक्शनलकडे यायचं ठरलं तर आधी बोनसचा नियम बदला, तक्ता नंतर. विभागाच्या नफ्यावरचा बोनस तसाच ठेवून माणसं एकत्र केलीत तर जुने प्रमुख जुनीच माणसं फोनवरून चालवत राहतात. आणि गणेश चवथीच्या तोंडावर काही बदलू नका, तेव्हा कुणाचं लक्ष कामात नसतं. १ एप्रिल बरा. नवे कोड आणि नवा बोनस एकदमच लागू होतात, आणि जूनपर्यंत सर्वांना फळ्याची सवय झालेली असते.