स्टेंट की गोळ्या, शस्त्रक्रिया की अँटिबायोटिक्स: हाताशी सवड असताना कोणता मार्ग घ्यावा?

अँजिओग्राफी चालू असताना कॅथलॅबचे दार अर्धवट उघडते, नातेवाइकांना आत बोलावले जाते आणि पडद्यावरच्या एका अरुंद जागेवर बोट ठेवून सांगितले जाते की येथे ८० टक्के ब्लॉकेज आहे, रुग्ण टेबलावर आहेच, तेव्हा स्टेंट आत्ताच टाकून घ्यायचा का ते सांगा. सहीसाठी कागद पुढे आलेला असतो आणि विचार करायला जेमतेम पाच मिनिटे मिळतात. हृदयविकाराचा झटका चालू असेल तर त्या पाच मिनिटांचीही गरज नाही, कारण तेव्हा बंद पडलेली रक्तवाहिनी लवकरात लवकर उघडल्याने जीव वाचतो आणि त्याबद्दल वैद्यकात दुमत नाही. मात्र जिना चढताना छातीत दाटून येते, थांबले की बरे वाटते आणि हे काही महिन्यांपासून तसेच आहे, अशा स्थिर अंजायनाच्या रुग्णाला पाच मिनिटे नव्हे तर पाच आठवडेही विचाराला घेता येतात. गेल्या दोन दशकांतील मोठ्या चाचण्यांनी दिलेली ही सवड बहुतेक घरांपर्यंत पोहोचलेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते. म्हणून हृदयरोग, पोटाची शस्त्रक्रिया आणि अस्थिरोग या तीन विभागांत रोज पडणाऱ्या प्रश्नांची येथे दोन्ही बाजूंनी तुलना केली आहे.

स्थिर अंजायना: स्टेंट की गोळ्या

गोळ्यांच्या बाजूचा पहिला भक्कम पुरावा २००७ साली ‘करेज’ या चाचणीतून आला. अमेरिका आणि कॅनडातील २,२८७ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला उत्तम औषधोपचार आणि अँजिओप्लास्टी (फुग्याने रक्तवाहिनी रुंद करून बहुधा स्टेंटची जाळी बसवणे), तर दुसऱ्या गटाला केवळ उत्तम औषधोपचार देण्यात आला. सुमारे साडेचार वर्षांनंतर मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका यांचे एकत्रित प्रमाण अँजिओप्लास्टीच्या गटात १९ टक्के आणि औषधांच्या गटात १८.५ टक्के निघाले, म्हणजे व्यवहारात दोन्ही सारखेच.

या निष्कर्षावर रास्त आक्षेप घेतला गेला की ज्यांचा त्रास मुळातच सौम्य होता तेच रुग्ण या चाचणीत आले असावेत. त्याला उत्तर म्हणून ‘इस्केमिया’ ही चाचणी आखली गेली. ३७ देशांतील ५,१७९ रुग्ण तिच्यात होते, भारतातील केंद्रेही होती, आणि ज्यांच्या स्ट्रेस टेस्टमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत असल्याचे मध्यम किंवा तीव्र स्वरूपात दिसले होते अशांनाच घेण्यात आले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत पहिल्या सहा महिन्यांत अँजिओग्राफी आणि त्यानंतर स्टेंट किंवा बायपास केलेल्या गटात मृत्यू, झटका अशा दुर्घटना जास्त झाल्या (५.३ टक्के विरुद्ध आधी केवळ औषधे दिलेल्या गटात ३.४ टक्के), कारण प्रक्रियेच्या वेळीच काहींना झटका आला. पाचव्या वर्षापर्यंत चित्र थोडे उलटले (१६.४ टक्के विरुद्ध १८.२ टक्के). एकूण मृत्यू एका गटात १४५ आणि दुसऱ्यात १४४ होते. पुढे सात वर्षांपर्यंत केलेल्या पाठपुराव्यातही एकूण मृत्यूंचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले; हृदयविकाराने होणारे मृत्यू स्टेंट-बायपासच्या गटात कमी होते, पण इतर कारणांनी झालेले मृत्यू तेवढ्याच प्रमाणात जास्त होते.

अरुंद जागा मोकळी करूनही आयुष्य का वाढत नाही, हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो. त्याचे कारण असे की झटका बहुधा रक्तवाहिनीच्या भिंतीत साठलेला चरबीचा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी बसल्याने येतो, आणि फुटणारा थर हा सर्वांत अरुंद जागेचाच असतो असे नाही. अँजिओग्राफीत ३०-४० टक्के दिसलेली जागाही फुटू शकते. स्टेंट एक-दोन इंचांची जागा सांभाळतो, तर कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी सर्व रक्तवाहिन्यांतील थर शांत आणि घट्ट करते. म्हणूनच ‘स्टेंट टाकला, आता गोळ्या सुटल्या’ हा समज सर्वांत घातक आहे. स्टॅटिन तर दोन्ही मार्गांवर चालूच ठेवावे लागते, आणि स्टेंटच्या मार्गावर रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी काही महिने वाढते, जिच्यामुळे त्या काळात दुसरी एखादी शस्त्रक्रिया करायची झाल्यास अडचण होते.

मग स्टेंटच्या बाजूला काय उरते? उरतो तो आराम, आणि ज्याला रोज देवळाच्या पायऱ्या चढताना छाती धरून उभे राहावे लागते त्याच्यासाठी तो थोडाथोडका नव्हे. ‘इस्केमिया’त ज्यांना आठवड्यातून किमान एकदा त्रास होत होता, त्यांच्यापैकी वर्षभराने निम्मे रुग्ण स्टेंट-बायपासच्या गटात पूर्णपणे त्रासमुक्त झाले होते, तर औषधांच्या गटात हे प्रमाण सुमारे २० टक्के होते. ज्यांना महिनाभरात एकदाही त्रास झाला नव्हता, आणि असे रुग्ण त्या चाचणीत एक तृतीयांशाहून थोडे अधिक होते, त्यांना मात्र प्रक्रियेने फरक जाणवण्यासारखे काही मिळाले नाही. जो त्रास नाही तो कमी कसा होणार?

हा आराम खरा की प्रक्रिया झाल्याच्या समाधानातून आलेला, याचा छडा ब्रिटनमधील ‘ऑर्बिटा’ या दोन चाचण्यांनी लावला, आणि त्यांची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. रुग्णाला टेबलावर घेतले जाई, कानांवर संगीत चालू असलेले हेडफोन लावले जात, गुंगीचे औषध दिले जाई. त्यानंतर निम्म्या रुग्णांना स्टेंट टाकला जाई आणि निम्म्यांना काहीही न करता किमान पंधरा मिनिटे तसेच ठेवले जाई. आपल्याला काय झाले हे रुग्णालाही ठाऊक नसे आणि नंतर त्याची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनाही. २०१७ सालच्या पहिल्या चाचणीत २०० रुग्णांना आधी सहा आठवडे भरपूर औषधे देण्यात आली होती. त्यानंतर ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत दोन गटांमध्ये केवळ १६ सेकंदांचा फरक पडला, आणि तोही योगायोगाने पडू शकेल एवढाच. २०२३ सालच्या दुसऱ्या चाचणीत ३०१ रुग्णांची अंजायनाची औषधे थांबवून हाच प्रयोग झाला, तेव्हा स्टेंटचा फायदा स्पष्ट दिसला आणि चालण्याची वेळ सुमारे एका मिनिटाने वाढली; तरीही स्टेंट मिळालेल्यांपैकी पूर्ण त्रासमुक्त झालेले सुमारे ४० टक्केच होते. दोन्ही चाचण्या एकत्र वाचल्या तर अर्थ उलगडतो: स्टेंट अंजायना खरोखर कमी करतो, आणि चांगल्या गोळ्याही त्यातील बराच भाग कमी करतात.

या तुलनेतून माझे मत असे बनले आहे की ज्याला त्रास नाही किंवा गोळ्यांवर तो आटोक्यात आहे, त्याने आधी गोळ्यांना पूर्ण संधी द्यावी. पूर्ण संधी म्हणजे अंजायनाची दोन औषधे योग्य मात्रेत, रक्तदाब ताब्यात, एलडीएल कोलेस्टेरॉल ७० च्या खाली आणि तंबाखू पूर्ण बंद. एक गोळी पंधरा दिवस घेऊन ‘औषध लागू पडले नाही’ म्हणणे याला संधी म्हणता येत नाही. एवढे करूनही आठवड्यातून एक-दोनदा छाती भरत असेल, तर स्टेंट हा योग्य पर्याय आहे आणि तो घेण्यात कमीपणा नाही. ‘इस्केमिया’तील औषधांच्या गटातही चार वर्षांत सुमारे पाचांतील एकाला पुढे स्टेंट किंवा बायपास करावीच लागली. म्हणजे आज ‘नंतर पाहू’ म्हटल्याने दार बंद होत नाही. या तर्कातून डावी मुख्य रक्तवाहिनी अरुंद असणारे, हृदयाचे आकुंचन फार कमी झालेले आणि ज्यांचा त्रास अलीकडे झपाट्याने वाढला आहे असे रुग्ण पूर्णपणे वगळावेत, कारण त्यांना या चाचण्यांत घेतलेच नव्हते.

मधुमेह आणि एकाहून अधिक रक्तवाहिन्या: स्टेंट की बायपास

येथे पारडे बायपासकडे बरेच स्पष्टपणे झुकते, आणि तरीही छाती उघडायची नाही या भीतीने घरोघरी उलटा निर्णय होतो. २०१२ सालच्या ‘फ्रीडम’ चाचणीत १,९०० मधुमेही रुग्ण होते. पाच वर्षांत स्टेंटच्या गटातील १६.३ टक्के, तर बायपासच्या गटातील १०.९ टक्के रुग्ण दगावले; हृदयविकाराचे झटकेही बायपासनंतर निम्म्याहून कमी आले. बायपासची किंमत म्हणजे पक्षाघाताचे प्रमाण जास्त (५.२ टक्के विरुद्ध २.४ टक्के) आणि छातीचे हाड जुळून येईपर्यंतचे दोन-तीन महिने. २०१७ पासून औषध लावलेल्या स्टेंटच्या किमतीवर सरकारने मर्यादा घातली, ती सुरुवातीला २९,६०० रुपये होती; परंतु तीन-चार स्टेंट आणि पुढे पुन्हा करावी लागणारी प्रक्रिया यांचा खर्च धरला तर स्टेंट स्वस्त पडतो हे गणितही दरवेळी जुळत नाही. साठीच्या आतील, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे चांगली असणाऱ्या मधुमेही व्यक्तीला तीन रक्तवाहिन्यांचा आजार असेल, तर हृदयशल्यविशारदाचे मत घेतल्याशिवाय स्टेंटला होकार देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

अपेंडिक्स: शस्त्रक्रिया की अँटिबायोटिक्स

फिनलंडमधील ५३० रुग्णांच्या चाचणीत, जिचा अहवाल २०१५ साली आला, अँटिबायोटिक्स घेतलेल्या गटातील ७२.७ टक्के रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रिया लागली नाही. पाच वर्षांनंतर मात्र ३९ टक्क्यांचा आजार उलटला होता. अमेरिकेतील १,५५२ प्रौढांच्या ‘कोडा’ चाचणीत ९० दिवसांतच २९ टक्क्यांना आणि दोन वर्षांत सुमारे ४६ टक्क्यांना शस्त्रक्रिया करावी लागली. महिन्याभरानंतरची तब्येत दोन्ही गटांत सारखीच होती. कामावरचे खाडे मात्र अँटिबायोटिक्सच्या गटात कमी पडले, सरासरी ५.३ दिवस विरुद्ध ८.७ दिवस.

निर्णयाची किल्ली बहुतेक वेळा एका लहानशा खड्यात असते. अपेंडिक्सच्या तोंडाशी विष्ठेचा कठीण झालेला खडा अडकलेला असेल, तर ‘कोडा’त ९० दिवसांत शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण ४१ टक्क्यांवर गेले आणि गुंतागुंतही शस्त्रक्रियेच्या गटापेक्षा कितीतरी वाढली, खडा नसेल तर हे प्रमाण २५ टक्के होते आणि गुंतागुंत दोन्हीकडे सारखीच होती. आपल्याकडे सोनोग्राफीवर निदान होऊन निर्णय घेतला जातो, आणि सोनोग्राफीत खडा निसटू शकतो. म्हणून शस्त्रक्रिया टाळायची असेल त्याने सीटी स्कॅन करून खडा नाही आणि अपेंडिक्स फुटलेले नाही याची खात्री करून घ्यावी. मुलांच्या बाबतीत २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतील चाचणीत अँटिबायोटिक्सचा मार्ग ३४ टक्के मुलांमध्ये वर्षभरात अपयशी ठरला, तर शस्त्रक्रियेच्या गटात अपयश ७ टक्के होते, त्यामुळे मुलांसाठी मी शस्त्रक्रियेकडे झुकेन.

आकड्यांइतकेच राहणीमानही पाहावे लागते. परीक्षा आठ दिवसांवर आहे, घर शहरात आहे आणि रात्री-अपरात्री सर्जन मिळतो, अशा तरुणाला अँटिबायोटिक्सचा मार्ग खुशाल घेता येईल. तोच तरुण व्यापारी जहाजावर सहा महिन्यांच्या करारावर निघणारा रत्नागिरीचा किंवा गोव्याचा खलाशी असेल, किंवा घाटातून दोन तास गेल्याशिवाय सर्जन भेटणार नसेल अशा गावात राहत असेल, तर दहांतील तिघांना तीन महिन्यांत लागणारी शस्त्रक्रिया समुद्रावर किंवा घाटात ओढवण्यापेक्षा आज दुर्बिणीतून अपेंडिक्स काढून घेणे शहाणपणाचे. चाळिशी उलटलेल्यांनी आणखी एक बाब विचारात घ्यावी: काढलेल्या अपेंडिक्सची तपासणी होते आणि त्यात लपलेली गाठ क्वचित का होईना सापडते.

गुडघा: दुर्बीण की व्यायाम

चाळिशी-पन्नाशीनंतर एमआरआयमध्ये गुडघ्यातील गादी, म्हणजे मिनिस्कस, फाटल्याचे दिसणे अतिशय सामान्य आहे आणि दुखणे त्या फाटण्याचेच असते असे नाही. फिनलंडमधील १४६ रुग्णांच्या २०१३ सालच्या चाचणीत निम्म्यांवर देखाव्यापुरती शस्त्रक्रिया झाली: सर्जनने सर्व उपकरणे मागून घेतली, गुडघा हलवला, पाते काढलेले यंत्र वाटीवर बाहेरून दाबून धरले, पण गादीला हात लावला नाही. वर्षभराने दोन्ही गटांतील वेदनेत फरक नव्हता. नेदरलँड्समधील ४५ ते ७० वयाच्या ३२१ रुग्णांच्या चाचणीत फिजिओथेरपी दोन वर्षांनंतर शस्त्रक्रियेच्या बरोबरीची ठरली, आणि त्या गटातील २९ टक्क्यांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली. खेळताना अचानक गादी फाटलेल्या विशीतल्या मुलाला किंवा ज्याचा गुडघा मध्येच अडकून सरळच होत नाही त्याला हे निष्कर्ष लागू नाहीत; बाकीच्यांनी आधी व्यायाम करावा. त्या डच चाचणीतील व्यायाम म्हणजे आठ आठवड्यांत अर्ध्या-अर्ध्या तासाची सोळा सत्रे होती, आठवड्यातून एकदा मशीनने शेकून घेणे नव्हे. ज्यांना नोकरीमुळे एवढ्या फेऱ्या जमत नाहीत त्यांनी पहिल्या चार-पाच सत्रांत मांडीच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकून घ्यावेत, ते घरी रोज करावेत आणि दोन महिन्यांनी पुन्हा तपासून घेऊन मगच दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरवावी.