आरटीईची सीट की सरकारी शाळा?

वहिनी, तुमच्या कामवाल्या बाईंच्या दोन पोरांचं विचारलंत ना, सुदामा नगरच्या आसपास दोन्ही प्रकारच्या शाळा आहेत म्हणून गोंधळ होतोय, तर ऐका.

खर्च बघा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, त्यात खाजगी शाळेत २५ टक्के जागा गरीब मुलांना, फी सरकार भरतं. पण बस, पिकनिक, अॅन्युअल फंक्शनचा ड्रेस हे सगळं हळूहळू निघतंच. सरकारीत पुस्तकं, गणवेश आणि आठवीपर्यंत दुपारचं जेवण फुकट, आई सकाळी सातला कामावर निघते त्या घरात हे जेवण फार मोठी गोष्ट आहे हो.

प्रवेशाची झंझट? आरटीईला ऑनलाइन फॉर्म, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक), कागद, मग लॉटरी, आणि सीट फक्त सुरुवातीच्या वर्गात! म्हणजे मोठा, जो नऊ वर्षांचा असून शाळा सुटलीय, त्याला तो रस्ताच बंद. सरकारीत त्याला वयानुसार वर्गात घ्यायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं असं कायद्यातच आहे, हेडमास्तरांकडे ते मागा, आपणहून कोणी देत नाही.

टिकायचं म्हणाल तर खाजगीत इंग्रजी होमवर्क, घरी विचारायला कोणी नाही, डब्यावरनं चिडवणं वेगळंच. आणि आठवीनंतर फी चालू.

धाकटी चार वर्षांची, संध्याकाळी अभ्यास घ्यायला तुम्ही बसणार असाल तर तिचा आरटीई फॉर्म भरा. मोठ्याला सरकारीतच घाला, आणि लवकर.