निटप्रो वेव्हज 4 मिमी: एका गेमरच्या हातातली क्रोशाची सुई

पूर्ण वाचायचा कंटाळा असेल तर निकाल आधीच सांगतो. निटप्रोची वेव्हज मालिकेतली 4 मिलिमीटरची क्रोशाची सुई घ्या. सेट घेऊ नका, एकच घ्या. मला अडीचशेच्या घरात पडली. त्या पैशात साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या पाचसहा सुया येतात हे मान्य, तरीही हीच घ्या.

आता हे सांगणारा कोण, असं कुणी विचारेल. मी आजवर ज्या वस्तूंवर लिहिलं त्या म्हणजे फोनच्या पाठीला चिकटवायचा पंखा, फोनच्या खांद्यावर लावायची ट्रिगर बटणं, आणि घामाने अंगठा घसरू नये म्हणून घालायच्या चंदेरी धाग्याच्या टोप्या. पब्जीच्या काळातला मी. चार बोटं स्क्रीनवर, जायरोस्कोप चालू, एम 416 बंदुकीचा रिकॉइल, म्हणजे गोळीबारात वर उडणारी नळी, डोळे मिटून खाली ओढणारा. त्यामुळे हातात धरायच्या वस्तूबद्दल माझी मतं जरा ठाम असतात. मूठ कुठे टोचते, वजन कुठे बसतं, तासाभराने बोटं काय म्हणतात, हे मी सुईलाही तसंच विचारलं.

सुईपर्यंत आलो कसा हे सांगायला गेमचं रडगाणं थोडं गावं लागेल. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने 118 अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाइल होतं. आमच्या स्क्वॉडच्या, म्हणजे चौघांच्या टीमच्या, ग्रुपवर त्या रात्री अक्षरशः सुतक होतं. एकाने फोटोला हार घालून स्टेटस ठेवलं. आईने मात्र त्या रात्री शिरा केला होता. कारण तिने कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मग 2 जुलै 2021 ला बीजीएमआय, म्हणजे पब्जीचीच भारतीय आवृत्ती, आलं आणि आम्ही पुन्हा पोचिंकी या गेममधल्या गावात उड्या मारायला लागलो. जुलै 2022 च्या शेवटी तेही स्टोअरवरून गायब झालं. या वेळी सुतक वगैरे काही नाही. ज्याच्या फोनमध्ये होतं तो खेळत राहिला, मी फोन बदलला आणि विषय संपला. मे 2023 च्या अखेरीस ते परतलं तेव्हा मी डाउनलोड तर केलं, पण पहिली मॅच खेळायला तब्बल शनिवार उजाडावा लागला. एकेकाळी ऑफिसच्या कॅबमध्ये क्लासिक मॅच लावणारा मी.

गेम बिघडला असं मी म्हणणार नाही. एरंगेलचा नकाशा तोच आहे, आठ बाय आठ किलोमीटरचा, आणि शेवटच्या झोनमध्ये गवतात आडवं पडलं की छाती अजून तशीच धडधडते. बिघडलं ते आमचं खेळणं. चौघांपैकी एक कॅनडाला गेला, एकाला मुलगी झाली. मग अनोळखी टीममेट घेऊन रँक चढवायची, रोजची मिशन्स संपवायची, इव्हेंट संपायच्या आत अमुक इतक्या मॅच पूर्ण करायच्या. ऑफिसात जिरावरची कामाची टिकिटं बंद करायची आणि घरी येऊन पुन्हा तीच टिकिटं. एस या वरच्या रँकपर्यंत घासून जावं तर सीझन संपला की परत खाली. मजा येत नव्हती आणि सोडवतही नव्हतं, असा तो मधला काळ होता. हरलो की चिडायचो हे ठीक, पण जिंकल्यावरही चिकन डिनरचा, म्हणजे विजयाचा, स्क्रीन पूर्ण न बघता पुढची मॅच लावायला लागलो, तेव्हा मलाच विचित्र वाटलं.

क्रोशा आला तो हेडसेटमुळे. कानावरच्या गादीचं रेक्झिन सोलायला लागलं होतं. मॅच संपवून आरशात बघावं तर कानाला, गालाला काळे कपटे. नव्या गाद्या त्या मॉडेलच्या मिळेनात. आत्या घरी आली होती, तिने हेडसेट हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाली, "एवढंच ना? टोपी विणून टाक याला."

मला विणता येत नाही म्हटल्यावर तिने पिशवीतून लोकर काढून तिथेच शिकवायला सुरुवात केली. आमच्या घरात क्रोशा नवा नाही. आजीचं दारावरचं तोरण, टीव्हीवरचा रुमाल, सगळं अँकरच्या दोऱ्याचं आणि स्टीलच्या बारीक सुईचं. ती सुई मला टोचायच्या दाभणासारखी वाटायची. आत्याची सुई जाड होती, म्हणून जमलं. साखळी घालताना मी प्रत्येक टाका करकचून ओढत होतो. "अरे, फास कशाला आवळतोस? गळा नाही दाबायचा कुणाचा. ढिली घाल," असं तिने इतक्या वेळा सांगितलं की शेवटी चहा करायला निघून गेली.

मग मी गेमर जे करतो तेच केलं, ऑनलाइन किट मागवलं. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण अशी किटं सगळीकडे एकाच साच्यातली दिसतात: डझनभर रंगीबेरंगी सुया, चेनवाली पिशवी, कात्री, खुणेच्या प्लास्टिक पिना, सोबत लोकरीचे लिंबाएवढे गुंडे. सुयांवर मापाची स्टिकरं होती, ती घामाने दोन संध्याकाळीत निघाली. एकीच्या खाचेत धातूची कड राहिली होती, तिथे लोकर दर टाक्याला अडकून पिंजायची. स्वस्त ट्रिगर बटणं आणि हे किट, दोन्हींचा बाप एकच असावा.

वेव्हजचा फरक इथे कळतो. क्रोशाच्या सुईत बघायच्या गोष्टी चार: टोक, खाच, मान आणि दांडा. टोक फार अणकुचीदार असलं तर धाग्याच्या पदरांमध्ये घुसून लोकर फाटते, फार बोथट असलं तर घट्ट टाक्यात शिरत नाही. खाच गुळगुळीत हवी. आणि टाक्याचं माप ठरतं ते दांड्याच्या जाडीवर. नवशिके फंदा, म्हणजे सुईवरचा धाग्याचा वेढा, मानेवर, म्हणजे खाचेखालच्या निमुळत्या भागावर ओढून घेतात. मग टाका बारीक होतो आणि पुढच्या फेरीत सुई आत जात नाही. फंदा मागे सरळ दांड्यावर आणायचा. आत्या "ढिली घाल" म्हणत होती ते बहुधा हेच, पण तिच्या हाताला ते इतकं सवयीचं आहे की सांगता येत नव्हतं. वेव्हजचं अ‍ॅल्युमिनियम गुळगुळीत आहे, फंदा दांड्यावर सहज सरकतो आणि तिथेच थांबतो. मूठ मऊ आहे आणि मापागणिक तिचा रंग वेगळा, त्यामुळे स्टिकर शोधायची भानगड नाही.

धरायच्या दोन पद्धती. पेन धरल्यासारखी किंवा भाजी चिरायची सुरी धरल्यासारखी. माझा हात चार बोटांच्या क्लॉ पकडीमुळे आधीच वाकडा झालेला, त्याला सुरीची पकड लगेच बसली. मूठ तळव्यात टेकते, अंगठा वरच्या सपाट जागेवर येतो, तर्जनी मोकळी राहते. पेनसारखी धरणाऱ्यांना ही मूठ जाड वाटू शकेल, आत्याला वाटली. तिने दोन टाके घातले आणि "तुमच्या पिढीचं सगळंच गुबगुबीत" म्हणत परत दिली.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. गेमिंगने दुखणाऱ्या मनगटाला विश्रांती म्हणून क्रोशा घेत असाल तर घेऊ नका. तेच मनगट, तोच अंगठा आणि तीच हजारदा केलेली हालचाल. मऊ मुठीने दाब कमी होतो, हालचाल कमी होत नाही. अर्ध्या तासाने सुई खाली ठेवून बोटं ताणायची, हे गेममध्येही करायला हवं होतं.

टोपीचं गणित मात्र मला फार आवडलं. साखळीचं छोटं कडं करून त्यात 6 मुके खांब, म्हणजे साधे बुटके टाके. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, झाले 12. मग एका टाक्यात एक, पुढच्यात दोन, असं आळीपाळीने, 18. पुढे 24, 30, 36, दर फेरीला सहाच वाढवायचे. असं केलं तर चकती सपाट राहते. जास्त वाढवले तर कड नागमोडी होते, कमी वाढवले तर वाटी. माझ्या हेडसेटला नवव्या फेरीला, म्हणजे 54 टाक्यांवर माप बसलं. तिथून वाढ बंद केली की कापड आपोआप खाली वळतं आणि भिंत उभी राहते. शेवटच्या फेरीतून इलॅस्टिक ओवलं, कारण सुती धागा ताणला जात नाही. पहिल्यांदा ही वाटी माझ्या हातात तयार झाली तेव्हा मी ती रिकामीच कानाला लावून बसलो होतो. इतकी वर्षं दर मॅचला खेळायची जागा आवळत आत आत येणारं वर्तुळ बघितलं, हे एक बाहेर जाणारं.

धागा सुतीच घ्या, 8 प्लायचा (प्लाय म्हणजे लेबलवर लिहिलेली धाग्याची जाडी). अ‍ॅक्रिलिक स्वस्त आणि रंगांनी भारी, पण कानाला घाम येतो आणि चुकून गरम इस्त्री लागली तर वितळतं. सुती टोपी पहिल्या धुण्यात थोडी आटते, म्हणून जरा ऐसपैस विणा. आवाजाचं म्हणाल तर बेस किंचित कमी झाल्यासारखा वाटतो. पावलांचे आवाज मात्र स्वच्छ येतात, मागच्या जिन्यावर कोण चढतंय ते कळतं. कपटे बंद.

सुई आणि धागा मी पुण्याच्या बोहरी आळीतल्या एका दुकानातून घेतले. पार्किंगचं नाव काढू नका, पीएमटीने जा आणि चालत आत शिरा. दुकान इतकं अरुंद की एक गिऱ्हाईक आत असेल तर दुसऱ्याने पायरीवर थांबायचं. छतापर्यंत लुधियानाची लोकर. पहिल्या खेपेला गल्ल्यावरच्या काकांनी विचारलं, "मिसेसनी चिठ्ठी दिलीय का काही?" मी म्हटलं, मलाच हवीय. ते क्षणभर थांबले आणि मग थेट मुद्द्यावर आले: काय विणताय, किती मोठं, धुणार किती वेळा? हे मला आवडलं. ऑनलाइन कुणी विचारत नाही.

या काकांनीच लेबलवरचा लॉट नंबर दाखवला. एकाच रंगाची, एकाच कंपनीची लोकर वेगवेगळ्या खेपेत रंगवली तर छटेत फरक पडतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, घरी विणून उन्हात नेलं की मधोमध पट्टा. त्यांनी दोन निळे गुंडे दाराबाहेर नेऊन धरले, आणि खरंच, एक जरा जांभळ्याकडे झुकलेला. तेव्हा लागणार त्याहून एक गुंडा जास्त आणि सगळे एकाच लॉटचे. तोटे सांगायचे तर निवड मर्यादित, यूपीआयचं यंत्र रुसलेलं असतं, आणि दुपारी गेलात तर काका जेवायला गेलेले असतात आणि पोऱ्याला मापं कळत नाहीत.

आता खेळतो का? खेळतो. शनिवारी रात्री, उरलेले दोघे आणि मी, कॅनडावाल्याची सकाळ असेल तर तोही. रँक कुठे आहे बघितलेली नाही. मी रश करून, म्हणजे शत्रूवर थेट धावून जाऊन, लवकर मरतो. पूर्वी मेल्यावर टीममेटच्या स्क्रीनकडे बघत "डावीकडे, अरे डावीकडे" ओरडायचो. आता ओरडतो तसाच, पण हातात सुई असते आणि ते जिंकेपर्यंत दोनतीन फेऱ्या होतात. खरं सांगू, मला आता मरायला फारसं वाईट वाटत नाही, आणि स्क्वॉडला याचाच राग आहे.

क्रोशाने मन शांत होतं वगैरे लोक लिहितात. माझं नाही झालं. 48 टाके मोजत असताना कुणी हाक मारली तर मी कधी हेडशॉट खाऊन चिडलो नव्हतो इतका चिडतो. फरक इतकाच की चुकलं तर दोरा ओढायचा, सगळं उसवतं आणि लोकर होती तशी हातात परत. गुण कापले जात नाहीत. आणि यूसी, म्हणजे गेममधलं चलन, विकत घ्यायची खाज इथे लोकरीवर निघते, हेही सांगून ठेवतो. कपाटाचा एक कप्पा न विणलेल्या गुंड्यांनी भरलाय. आई, जिने सुरुवातीला फोन सुटला म्हणून सगळ्यांना कौतुकाने सांगितलं, ती आता म्हणते, "दिवसभर काय ते दोरे घेऊन बसतोस?"

तर घ्यायचं काय? 4 मिमीची वेव्हज आणि 8 प्लायचे दोन सुती गुंडे. गडद रंग टाळा, काळ्या धाग्यात टाके दिसत नाहीत. फिकट पिवळा किंवा आकाशी घ्या. तोरण-रुमाल करायचे असतील तर ही सुई कामाची नाही, त्याला स्टीलची बारीकच लागते, तिथे आत्याला विचारा. आणि बोहरी आळीतून घेतलंत तर पावती जपून ठेवा. न उघडलेले गुंडे काका बदलून देतात, पण लेबल काढलेलं असेल तर हात लावत नाहीत.