३३ ओहम ड्रायव्हरपाशी की ५० ओहम टोकाशी?

सर्किट बोर्डवर सिग्नल टोकावरून परतून गोंधळ घालू नये म्हणून रेझिस्टर कुठे लावायचा, हा प्रश्न. ३.३ व्होल्टची सीमॉस (नेहमीच्या डिजिटल प्रकारची) चिप, ५० ओहमचा ट्रेस (बोर्डवरची तांब्याची रेघ), पलीकडे एकच इनपुट. ड्रायव्हरचा, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या पिनचा, इम्पिडन्स (बदलत्या सिग्नलला होणारा अडथळा) १७ ओहम धरा. काहीच लावलं नाही, तर सिग्नल हाय होताना २.४६ व्होल्टची लाट निघते आणि उघड्या टोकावर दुप्पट होऊन ४.९ वर जाते. परत आली की ड्रायव्हरपाशी इम्पिडन्स जुळत नाही, म्हणून जवळपास निम्मी लाट उलट्या चिन्हाने पुन्हा टोकाकडे सुटते, इनपुट २.५ वर आपटतं. रिंगिंग म्हणतात ते हेच हेलकावे.

ड्रायव्हरपाशी सिरीजमध्ये ३३ ओहम लावले की एकूण ५० झाले. आता १.६५ ची लाट निघते, टोकावर ३.३ होते आणि परतल्यावर ड्रायव्हरपाशी जिरते. लाइन स्थिर असताना करंट जवळपास शून्य. इनपुट एकच असेल तर एवढं पुरे.

टोकाशी ग्राउंडला ५० ओहम लावले तर लाट परततच नाही. पण सिग्नल हाय असेपर्यंत ४९ मिलिअँपिअर वाहतात आणि पातळी २.४६ व्होल्टवरच अडते. ८-१२ मिलिअँपिअरच्या पिनला हे झेपणारच नाही. सप्लाय आणि ग्राउंडला १००-१०० ओहमची जोडी लावली तर पिनवरचा भार निम्मा होतो, तरी जोडी एकटीच १६.५ मिलिअँपिअर खात बसते.

तरीही एका ट्रेसवर तीन-चार चिपा असतील आणि सिग्नल क्लॉकचा (चिपांना ताल देणारा) असेल, तर टोकाचाच रेझिस्टर घ्या, एवढा करंट झेपेल असा क्लॉक बफर (क्लॉकसाठीची ड्रायव्हर चिप) निवडून. सिरीज रेझिस्टर असला की वाटेतल्या चिपला लाट परत येईपर्यंत निम्मीच पातळी दिसते. एफआर-फोर (नेहमीच्या फायबरग्लासच्या) बोर्डवर लाट नॅनोसेकंदाला साधारण १५ सेंटिमीटर जाते. तेवढ्याच ट्रेसवर ड्रायव्हरजवळची चिप सुमारे २ नॅनोसेकंद १.६५ व्होल्टवर, म्हणजे लो आणि हायच्या ऐन उंबरठ्यावर, लटकते. जराशा नॉइजने एका कडेचे दोन ठोके मोजले जातात. डेटा लाइनला हे चालतं, पातळी बसल्यावर वाचायचं.

सिरीज रेझिस्टर ड्रायव्हरच्या पिनला चिकटून हवा, टोकाचा शेवटच्या इनपुटच्या पुढे. सिरीज रेझिस्टर किती ओहमचा ते ठरवताना २२, २७, ३३, ३९ लावून पाहा आणि स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) इनपुटच्या पिनवर धरा. ड्रायव्हरपाशी धरलात तर सगळं बरोबर असूनही निम्म्या पातळीची पायरी दिसेल आणि उगाच रेझिस्टर बदलत बसाल. स्कोपच्या प्रोबची लांब ग्राउंड क्लिप काढून स्प्रिंग लावा, नाहीतर क्लिपचंच रिंगिंग दिसेल. ५ ओहम इकडेतिकडे झाले तरी परतीच्या लाटेचा ५ टक्केच भाग पुन्हा उसळतो.

राइज टाइम (लोवरून हाय व्हायला लागणारा वेळ) १ नॅनोसेकंद आणि ट्रेस २.५ सेंटिमीटरच्या आत असेल, तर दोन्हीची गरज नाही.