मागच्या चाकांचा आवाज : भोसरीतील एका सस्पेन्शन गॅरेजचे परीक्षण

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, लेथ आणि पावडर कोटिंगच्या शेडच्या रांगेत, केवळ सस्पेन्शन, स्टीअरिंग आणि चाकांची कामे करणारे एक छोटे गॅरेज आहे. हाती असलेल्या कामांतूनच सवड मिळत नसल्यामुळे आपले नाव कुठे देऊ नये, अशी मालकांची विनंती आहे आणि ती मी पाळत आहे. तरीही लिहिण्याचे कारण असे की, गाडीच्या मागच्या बाजूने येणारा आवाज नेमका कशाचा, हे शोधण्याचे वेगळे पैसे घेणारे आणि ते पैसे वसूल होतील असे काम करणारे गॅरेज आपल्याकडे दुर्मीळ आहे.

आमची गाडी छोटी हॅचबॅक असून तिला मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा ॲक्सल), कॉइल स्प्रिंग, वेगळे शॉकअप आणि ड्रम ब्रेक आहेत. मागून दोन आवाज येत होते. एक, साधारण साठच्या वेगानंतर सुरू होणारी आणि वेगाबरोबर वाढत जाणारी घुमणारी गुणगुण. दुसरा, खराब रस्त्यावर हळू चालवताना येणारा ‘खट्’ असा कोरडा ठोका. एका अधिकृत सेवा केंद्रात गाडी लिफ्टवर घेऊन पाचेक मिनिटांत दोन्ही शॉकअप, दोन्ही बेअरिंग आणि ॲक्सलचे बुश (सांध्यांत बसवलेले रबरी भाग) असा संच बदलण्याचे अंदाजपत्रक हाती दिले गेले. ते 20 हजारांच्या पुढे होते. एवढे सुटे भाग एकदम बदलल्यावर आवाज बहुधा जाईलही. पण तो कशामुळे गेला हे मालकाला कळत नाही आणि गॅरेजलाही कळत नाही.

या गॅरेजमध्ये तपासणीचे 500 रुपये आधी सांगितले जातात आणि काम तिथेच केले तर ते बिलातून वजा होतात. तपासणीची सुरुवात लिफ्टवर होत नाही. ‘‘ताई, आधी डिकी रिकामी करा,’’ हे मिस्त्रींचे पहिले वाक्य होते. स्टेपनी, जॅक, पाना, छत्र्या, पार्सल ट्रे असे सगळे बाहेर काढून, मागच्या सीटच्या पाठीची कडी नीट बसते का आणि मागचे दार बंद झाल्यावर कुलपात हलते का, हे पाहूनच ते गाडीत बसले. मागून येणाऱ्या खडखडाटाचे कारण अनेकदा सैल बसलेला जॅक किंवा सायलेन्सरचा तुटलेला रबरी हँगर असते आणि त्यासाठी लोक शॉकअप बदलून बसतात, असे त्यांचे म्हणणे. आमच्या गाडीत मात्र डिकी रिकामी करूनही ठोका कायम राहिला.

नंतरची चाचणी रस्त्यावर झाली. मी गाडी चालवत होते आणि मिस्त्री मागच्या सीटवर कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकून ऐकत होते. मोकळ्या सरळ रस्त्यावर वेग घेऊन त्यांनी मला गिअर न्यूट्रलमध्ये टाकायला सांगितले. इंजिनाचे फेरे खाली आले, पण गुणगुण तशीच राहिली. म्हणजे तिचा संबंध इंजिनाशी नसून चाकांच्या फिरण्याशी आहे, एवढे ठरले. मग एका लांब वळणावर गाडी डावीकडे वळत असताना आवाज किंचित चढला आणि उजवीकडे वळताना उतरला. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, त्यामुळे संशय उजव्या बेअरिंगवर आला. मला मात्र आवाज स्पष्टपणे डावीकडून येत आहे असे वाटत होते. मागच्या भागातला आवाज पत्र्यातून कुठूनही कुठे फिरतो, म्हणून कानाने ठरवलेल्या बाजूवर ते विसंबत नाहीत.

इथे बहुतेक ठिकाणी बेअरिंग मागवले गेले असते. यांनी तसे केले नाही, आणि माझ्या मते संपूर्ण तपासणीतला सर्वांत मोलाचा भाग हाच होता. असमान झिजलेला टायरही हुबेहूब बेअरिंगसारखाच घुमतो. मिस्त्रींनी टायरवरून तळहात एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवला व मलाही तसे करायला लावले. एका बाजूने हात गुळगुळीत सरकत होता. उलट फिरवल्यावर टायरच्या नक्षीतल्या ठोकळ्यांच्या कडा करवतीच्या दातांसारख्या बोटांना लागत होत्या. म्हणजे टायरही संशयमुक्त नव्हते. तेव्हा त्यांनी मागची चाके पुढे आणि पुढची मागे लावून पुन्हा फेरी मारली. आवाजाचा पोत बदलला, थोडा भाग पुढे सरकलाही, पण घुमणे मागेच राहिले. शिवाय टायरचा आवाज डांबरावरून काँक्रीटवर जाताच लगेच बदलतो, बेअरिंगचा फारसा बदलत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर गाडी जास्त घुमते अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना म्हणूनच ते आधी साध्या डांबरी रस्त्यावर चालवून पाहायला सांगतात.

शेवटी गाडी वर घेतली. उजवे चाक एका हाताने फिरवत दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवला की बेअरिंगचा खरखरीतपणा स्प्रिंगमधून बोटांना जाणवतो. मी हात लावून पाहिला. डाव्या बाजूला काहीच नव्हते, उजवीकडे बारीक वाळू दळल्यासारखी थरथर लागत होती. चाक वर-खाली धरून हलवल्यावर मात्र जराही प्ले, म्हणजे ढिलेपणा, नव्हता. प्ले नाही म्हणजे बेअरिंग चांगले, हा समज त्यामुळे अपुरा ठरतो.

ठोक्याचा शोध तुलनेने लवकर लागला. शॉकअपवर तेलाचा ओघळ नव्हता, स्प्रिंगचे शेवटचे वेटोळे तुटलेले नव्हते. डिकीतले कडेचे प्लॅस्टिक काढून डाव्या शॉकअपच्या वरच्या टोकावर हात ठेवला आणि दुसऱ्याने गाडी दाबली, तेव्हा तिथला रबरी बुश दबून पातळ झालेला दिसला. प्रत्येक हादऱ्याला धातूवर धातू आपटत होता. मोठ्या खड्ड्यात आवाज न येता बारीक उंचसखल रस्त्यावरच का येतो, याचाही उलगडा झाला: छोट्या हालचालीतच शॉकअपचा दांडा त्या मोकळ्या जागेत वर-खाली होतो. निष्कर्ष असा की, शॉकअप शाबूत, वरचे बुश दोन्ही बाजूंचे बदलायचे आणि बेअरिंग फक्त उजवे. मजुरीसह सगळे मिळून खर्च 4 हजारांच्या आत आला.

प्रत्यक्ष कामातल्या दोन गोष्टींची नोंद आवश्यक वाटते. या गाडीत मागचे बेअरिंग ड्रममध्येच दाबून बसवलेले असते. ते हातोडीने ठोकून बसवणारी गॅरेजे आहेत आणि तसे बसवलेले बेअरिंग लवकरच पुन्हा घुमू लागते. इथे ते हायड्रॉलिक प्रेसवर, जोर केवळ बाहेरच्या कड्यावर येईल अशा बेताने बसवले गेले आणि मधला नट नवा वापरला. त्याआधी ड्रमचा आतला व्यास मोजून, ड्रमवरच कोरलेल्या कमाल मर्यादेशी तो ताडून पाहिला. दुसरी गोष्ट अधिक दुर्लक्षित आहे. शॉकअपचा खालचा बोल्ट चाके हवेत लोंबकळत असताना पूर्ण आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर त्यातला रबरी बुश कायम पिळलेल्या स्थितीत राहतो आणि अकाली फाटतो. यांनी गाडी चाकांवर उभी करून, गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यात उतरून टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) शेवटचा आवळ दिला.

आता उणिवा. वेळेचा अंदाज त्यांना अजिबात सांगता येत नाही. संध्याकाळी देतो म्हणून ठेवून घेतलेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली आणि मधल्या काळात फोन उचलला गेला नाही. बसायला लाकडी बाकाखेरीज काही नाही. अंदाजपत्रक तोंडी असते, ते लेखी मागावे लागते, आणि जीएसटीचे बिल हवे असेल तर आधीच सांगावे. जुने बेअरिंग आणि बुश पिशवीत घालून परत दिले, ही मात्र न मागता झालेली चांगली गोष्ट. अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे, यंत्र तिथे नाही, पण त्याची खंत नको: टॉर्शन बीमच्या अशा गाडीत मागच्या चाकांचे कोन मोजता येतात, ते जुळवण्याची सोय सहसा नसतेच, हे चारही चाकांच्या अलाइनमेंटचे जादा पैसे मागणारे सांगत नाहीत.

रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या पहिल्या दोन-तीन ब्रेकना मागून येणारी खरखर मी त्यांच्या कानावर घातली होती. ड्रमवर धरलेला तो गंज असून तो आपोआप घासून जातो, त्यासाठी काही उघडायचे नाही, असे सांगून त्यांनी ते काम नाकारले.

काम झाल्यावर गुणगुण गेली, ठोका गेला. झिजलेल्या टायरचा हलका आवाज आता पुढून येतो आणि तो टायर बदलेपर्यंत राहणार, हे आधीच सांगितले होते. गतिरोधकावर अगदी हळू चढताना मागून येणारी बारीक करकर शिल्लक आहे. ती ॲक्सलच्या बुशची आहे. रबरावर वरवरच्या चिरा दिसतात, पण रबर धातूपासून सुटलेले नाही, म्हणून त्यांनी ते बदलले नाही. बिलाच्या मागे तेव्हाचे किलोमीटर लिहून ‘बुश पुन्हा पाहणे, पावसाळ्यानंतर’ अशी नोंद केली आहे आणि त्या तपासणीचे पैसे लागणार नाहीत, असे सांगितले आहे.