खऱ्या कायद्याच्या झेरॉक्सवर गेलेले पाच लाख

डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात हिवाळी अधिवेशन भरले होते. त्याच आठवड्यात वर्धा मार्गावरील एका हॉटेलच्या सभागृहात आम्हा बारा जणांना नागपूरच्या मिहान उद्योग प्रकल्पाजवळ होऊ घातलेल्या कॅसिनोतील भागीदारी समजावून सांगण्यात आली. मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो आहे. तीस वर्षे दुसऱ्यांच्या देयकांवर आक्षेप काढल्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो, पण ती भागीदारी विकणाऱ्या गृहस्थाची नवी बैठक नागपुरातल्याच सदर नावाच्या वस्तीत झाल्याचे कानावर आल्याने लिहिणे भाग आहे.

गृहस्थ मृदुभाषी होता आणि मला ‘काकाजी’ म्हणे. त्याने कोणतेही खोटे कागद दाखवले नाहीत, आणि आम्ही फसलो ते त्यामुळेच. त्याने प्रत्येकाच्या हाती ‘महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम, १९७६’ याची झेरॉक्स ठेवली, आणि हा कायदा विधिमंडळाने खरोखर संमत केलेला होता. परवाना आणि करासंबंधीच्या कलमांवर त्याने पिवळी रेघ ओढली होती. राज्याने कर बसवण्याची तरतूद केली म्हणजे धंद्याला मान्यता दिलीच, असा त्याचा युक्तिवाद होता. हा कायदा अंमलात आणावा यासाठी उच्च न्यायालयात याचिका झाल्याची कात्रणेही सोबत जोडलेली होती. या अधिवेशनात अधिसूचना निघेल आणि मग एका भागाची किंमत तिप्पट होईल, असे सांगून त्याने मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांची छायाचित्रे पडद्यावर लावली.

अधिसूचना विभाग काढतो, तिच्यासाठी अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही, हे मला पुरते ठाऊक होते. तरीही मी गप्प बसलो. जानेवारी २०२३ मध्ये मुदत ठेव मोडून मी पाच लाख रुपये भरले.

त्याच झेरॉक्सच्या पहिल्या पानावर, जिथे पिवळी रेघ नव्हती, तिथे हा अधिनियम राज्य शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमील त्या दिनांकास अंमलात येईल, अशा आशयाचे वाक्य होते. तो दिनांक कधीच नेमला गेला नाही. कायदा सत्तेचाळीस वर्षे नुसता कागदावर राहिला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. बातमी वाचून मी फोन केला, तेव्हा ‘जुना कायदा काढल्याशिवाय नवा येत नाही, काकाजी’ असे उत्तर मिळाले, आणि खरे सांगायचे तर माझे समाधानही झाले.

दुसरा घाव ऑक्टोबरात बसला. त्या महिन्याच्या १ तारखेपासून कॅसिनोत खेळण्यासाठी खरेदी केलेल्या चिप्सच्या (पैशांऐवजी वापरायच्या चकत्यांच्या) पूर्ण मूल्यावर २८ टक्के जीएसटी लागू झाला आणि सगळ्या वर्तमानपत्रांत त्याचीच चर्चा होती. तेवढ्यात मला निरोप आला की गोव्यातील सहयोगी जहाजावर लावलेल्या आमच्या रकमेवर ३,१२,००० रुपये नफा जमा झाला असून, तो सोडवून घेण्यासाठी २८ टक्के, म्हणजे ८७,३६० रुपये, आधी भरावे लागतील. मी गुणाकार तपासला. तो बरोबर होता! कर कोणी, कोणाकडून आणि कोणत्या खात्यात भरायचा, हे मात्र तपासले नाही, आणि यूपीआयवरून रक्कम एका व्यक्तीच्या खात्यात पाठवली. पैसे गेल्यावर पडद्यावर कोण्या किराणा दुकानाचे नाव दिसले.

त्यानंतर ‘आता आयकराचे ३० टक्के’ म्हणून ९३,६०० रुपयांची मागणी आली, तेव्हा मी धरमपेठेतील एका सीएकडे गेलो. त्यांनी सांगितले की जीएसटी कॅसिनो चालवणारा खेळणाऱ्याकडून घेतो आणि स्वतः भरतो. भागीदाराच्या नफ्याशी त्याचा संबंध नसतो. जुगारातील जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहे हे खरे, पण देणाऱ्याने तो कापून घेऊन उरलेली रक्कम द्यायची असते. आधी आणून भरा, असे कोणी म्हणत नाही. मकाऊचा एक गुंतवणूकदार साठ टक्के भांडवल घालणार, हे बैठकीत सांगितले होते, त्यावर ते नुसते हसले, कारण लॉटरी, जुगार आणि कॅसिनोत परकीय थेट गुंतवणुकीला आपल्या देशात मुळातच मनाई आहे. गोवा आणि सिक्कीममध्ये कॅसिनो चालतात ते त्या राज्यांच्या स्वतंत्र कायद्यांखाली. जुगार हा विषय राज्यसूचीत असल्याने तिथला परवाना नागपुरात कामाचा नाही.

सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर मी एकोणीस दिवसांनी फोन केला. तोपर्यंत यूपीआयची रक्कम पुढे सरकली होती. पहिल्या काही तासांत कळवले असते तर ती गोठवता आली असती. पाच लाखांच्या पावत्या, बैठकीची छायाचित्रे आणि ती झेरॉक्स जोडून आर्थिक गुन्हे शाखेत लेखी तक्रार दिली आहे. ठेवीदारांच्या हितसंबंधांचे रक्षण करणारा राज्याचा १९९९ चा कायदा अशा प्रकरणांत उपयोगी पडतो, पण तक्रारदार जितके अधिक तितके बरे, म्हणून मी त्या बैठकीतील उरलेल्या अकरा जणांकडे जाऊन आलो. चौघांनी सही केली. तिघांनी फोन उचलणे बंद केले आहे. दोघांनी पैसे भरलेच नव्हते. राहिलेल्या दोघांनी मला दारातच थांबवून आवाज हळू ठेवायला सांगितले, कारण त्यांनी घरी अजून काहीच सांगितलेले नाही.