बाळंतपणानंतरचं पोहणं: पुल बॉय, किकबोर्ड आणि आखूड फिन्स, काही महिन्यांच्या वापरानंतर

तिन्हींत सगळ्यात कामाचा ठरला तो पुल बॉय, म्हणजे मांड्यांमध्ये धरायचा फोमचा तरंगता ठोकळा. बहुतेक जणी पहिल्याच दिवशी किकबोर्ड (लाथा मारताना धरायची फोमची फळी) हातात घेतात, तो मात्र सगळ्यात शेवटी वापरण्याजोगा निघाला. फिन्स, म्हणजे पायांत घालायच्या वल्ह्यासारख्या पट्ट्या, मधे कुठेतरी.

साधनं हाताशी आली म्हणून पाण्यात लवकर उतरता येतं असं नाही. अंगावरून जाणं पूर्ण थांबून ७ दिवस झालेले हवेत, टाके भरलेले हवेत, सिझेरियन असेल तर डॉक्टरांनी जखम बघून होकार दिलेला हवा. हे साधारण सहा आठवड्यांच्या तपासणीच्या सुमारास जुळून येतं, कधी त्याहून उशिरा. तोवर चालणं आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम: लघवी आणि वायू एकदम रोखल्यासारखं आत-वर ओढायचं, श्वास चालू ठेवायचा, सुरुवातीला जमेल तितकं आणि हळूहळू १० सेकंदांपर्यंत धरायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. असं १० वेळा, दिवसातून ३ वेळा. त्या वेळी नितंब किंवा मांड्या घट्ट होत असतील तर भलतेच स्नायू राबताहेत. पळणं आणि उड्या १२ आठवड्यांच्या आधी नकोतच.

आता पुल बॉय. तो मांड्यांमध्ये अगदी वर धरला की कंबर तरंगते आणि लाथ मारायची गरज राहत नाही, त्यामुळे फ्रीस्टाइलमध्ये लक्ष श्वासाकडे देता येतं. हे महत्त्वाचं, कारण श्वास कोंडून जोर लावला की पोटातला दाब वाढतो आणि तो थेट खालच्या सैल स्नायूंवर येतो. तोंड पाण्यात असताना बुडबुडे सतत सुटत राहायला हवेत. घेताना मध्यम जाडीचा घ्यावा. फार जाड घेतला तर कंबर गरजेपेक्षा वर उचलली जाते आणि पाठीला बाक येतो. फार बारीक घेतला तर तो सुटू नये म्हणून मांड्या सारख्या आवळाव्या लागतात. ओटीपोटाच्या पुढच्या हाडाच्या सांध्यात कळ येत असेल तर हे आवळणंही दुखतं. मग पुल बॉय बाजूला ठेवावा. अशा वेळी ब्रेस्टस्ट्रोकची फाकवून मारायची लाथ तर नकोच. पुल बॉय घोट्यांशी धरणं ही पुढची पायरी आहे, तिथे पाय डुलू न देण्याचं काम पोटाला करावं लागतं. उणी बाजू म्हणजे सगळा भार खांद्यांवर जातो. बाळाला पाजताना वाकून वाकून खांदे आधीच आखडलेले असतात, म्हणून सोबत हातात पॅडल (तळव्यांवर अडकवायच्या प्लास्टिकच्या चकत्या) घालू नयेत.

किकबोर्ड लांब धरून, मान वर काढून लाथ मारली की कंबरेला बाक येतो आणि पोटाची पुढची भिंत ताणून खाली लोंबते. पोटाचे उभे स्नायू मधून विलग झालेले असतील तर हे नेमकं उलट पडतं. तपासायचं असं: गुडघे वाकवून उताणं झोपा, डोकं आणि खांदे थोडे उचला, बेंबीच्या वर-खाली मधल्या रेषेत बोटं ठेवा. खाच दोन बोटांपेक्षा रुंद वाटली किंवा मधोमध उंचवटा आला, तर बोर्ड समोर धरून लाथा नकोत. आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. बोर्डाचा चांगला उपयोग पाठीवर आहे. तो मांड्यांवर आडवा धरून लाथ मारा. गुडघे बोर्डाला आपटले की समजावं, लाथ कमरेतून न येता सायकल चालवल्यासारखी येतेय.

आखूड फिन्स पाण्यात रुळल्यावरच. जुनी जोडी घट्ट होण्याची शक्यता धरा, गरोदरपणात पाऊल मोठं झालेलं असू शकतं. पोटऱ्यांत गोळे येऊ लागले की काढून ठेवायच्या.

पहिल्या दिवशी १५ ते २० मिनिटं पुरेत, त्यातली निम्मी छातीभर पाण्यात चालण्यात. तिथे शरीराचं निम्म्याहून जास्त वजन पाणी उचलतं. मग २५ मीटरच्या सहाएक फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर अर्धा मिनिट थांबून. पुढे आठवड्याला एकच गोष्ट वाढवा: अंतर किंवा दिवस. सूर मारणं आणि कोलांटी घेऊन वळणं राहू द्या. काठावर दोन्ही हात रोवून अंग वर खेचू नका, शिडीनेच बाहेर या. सगळी फेरी जपून केलेली असते आणि नेमका इथे पोटाला हिसका बसतो.

पाण्यात सगळं हलकंच वाटतं, म्हणून खरा अंदाज त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी येतो. अंग खाली उतरल्यासारखा जडपणा, शिंकताना लघवी सुटणं, टाक्यांजवळ दुखणं, थांबलेलं रक्त पुन्हा दिसणं, यातलं काही झालं तर पोहणं थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं किंवा धाप लागणं असेल तर वाट न पाहता, त्याच वेळी.

पोहण्याआधी बाळाला पाजून घेतलं की छाती हलकी राहते. स्विमसूट तिथे काचणारा नको, दाबाने गाठी होतात. सिझेरियन झालेल्यांनी कमरेखाली इलॅस्टिक येणारा दोन तुकड्यांचा सूट टाळावा, कड नेमकी व्रणावर घासते. फोमची साधनं वापरल्यावर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावीत. क्लोरिन आणि उन्हाने फोम कडक होतो, मग पुल बॉयची कड मांडीला बोचायला लागते.